पाच हजारांत कॉम्प्युटरसाठी डॅक कुठला घेऊ? बाबांच्या जुन्या अ‍ॅम्पला जोडायचाय

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच विचारतेय, पोस्ट जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, वेगळं साउंड कार्ड नाही, मदरबोर्डवरचं रिअलटेक आहे तेच. हेडफोन सेनहायझर एचडी ५९९. आणि बाबांचा ऐंशीच्या दशकातला अ‍ॅम्प्लिफायर, अजून ठणठणीत, मागे आरसीए (लाल-पांढरी गोल सॉकेटं) वगैरे काही नाही, गोल पाच पिनांची सॉकेटं आहेत, आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. बाबांना आता भीमसेनजी, कुमारजी सगळं कॉम्प्युटरवरूनच ऐकायचं असतं, थोडं यूट्यूब, थोडं माझ्या हार्ड डिस्कवर सीडीवरून काढलेल्या फ्लॅक (दर्जा न घालवता लहान केलेल्या) फाइली, म्हणून पीसी त्या अ‍ॅम्पला जोडून दिला.

त्रास दोन आहेत. एक, हेडफोन लावले की माउस हलवला किंवा पेज स्क्रोल केलं तरी कानात किर्र किर्र येतं, शांत आलाप चालू असला की अक्षरशः डोकं उठतं. दोन, स्पीकरमधून कायम एक घूंऽऽऽ, गाणं पॉज केलं तरी चालूच. दुकानदार म्हणाला डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) घ्या, दोन्ही जाईल, आणि चौदा हजारांचा डबा काढून समोर ठेवला. माझं बजेट पाच हजार आहे आणि खरं सांगायचं तर तेही घरात सांगताना मी तीनच सांगणार आहे. कुठला घेऊ? आणि चिप बघून घ्यायचा असतो का, कारण जिथे वाचावं तिथे चिपवरूनच मारामारी चाललीये.

ध्वनिवेडा

ताई, पाच हजारांत उगाच काहीतरी घेऊन पस्तावशील. दोन-तीन महिने थांब आणि टॉपिंग ई३० टू घे नाहीतर एसएमएसएलचा एखादा. एकेएम कंपनीची चिप असलेला बघ, त्यांचा साउंड वॉर्म असतो, व्होकलला एक नंबर. ईएसएस कंपनीची घेऊ नकोस, ती तिखट लागते, तंबोऱ्याची जवार कानाला टोचते. माझा स्वतःचा अनुभव आहे.

ओहमकाका

मृण्मयी, आधी काही विकत घेऊ नकोस. तू दोन वेगळे आजार सांगितलेस आणि दुकानदाराने दोन्हीवर एकच गोळी दिली. किर्र किर्र डॅकने जाईल. घूं बहुतेक जाणार नाही, चौदा हजारांचा घेतलास तरी.

किर्र किर्र कुठून येतं ते आधी बघू. डॅक तुझ्या पीसीत आत्ताही आहेच, त्या रिअलटेकच्या चिपमध्ये, नाहीतर आवाजच आला नसता. पण ती चिप ज्या बोर्डावर बसलीये तिथेच प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, त्यांचा पॉवर सप्लाय हे सगळं कलकलाट करत असतं, आणि तो कलकलाट ऑडिओच्या अ‍ॅनालॉग भागात घुसतो. माउस हलवला की प्रोसेसर जागा होतो, करंट बदलतो, तेच तुला ऐकू येतं. त्यात हेडफोन जर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावत असशील तर मग विचारूच नकोस, तो पुढचा जॅक आतून एका लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेला असतो आणि ती वायर बरेचदा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरूनच जाते. आज संध्याकाळी फुकटातलं एक काम कर, हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून बघ.

आता घूं. हा ५० हर्ट्झचा असणार, म्हणजे आपल्या मेन्सचा. यासाठी एवढं कर:

अ‍ॅम्पच्या मागच्या सगळ्या केबली काढ, फक्त स्पीकर राहू देत, अ‍ॅम्प चालू कर. तरीही घूं आला तर अ‍ॅम्पच्या आतले पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत, ते एखाद्या जुन्या रेडिओवाल्याकडून बदलून घे, डॅकचा इथे काही संबंध नाही. सगळं शांत असेल तर एकेक केबल लावत जा आणि घूं कुठल्या केबलीला सुरू होतो ते सांग. आणि हो, त्या अ‍ॅम्पला पीसीशिवाय आणखी काय काय जोडलंय?

पेठेतला_पक्या

काकांनी सांगितलं ते कर पण डॅकचं मी सांगतो, कारण हे मी मित्रमंडळींना सांगून सांगून दमलोय. अ‍ॅपलचा तो छोटा पांढरा यूएसबी-सी ते साडेतीन एमएमचा डोंगल घे. हजाराच्या आसपास मिळतो. हसू नका. तो निव्वळ कनेक्टर नाही, आत अख्खा डॅक आणि छोटा हेडफोन अ‍ॅम्प आहे, २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने) चालतो, विंडोजला लावला की ड्रायव्हर-बिव्हर काही लागत नाही. मोजमाप करणाऱ्या लोकांनी त्याचं डिस्टॉर्शन आणि नॉइज मोजलंय, सिग्नलपेक्षा साधारण ९९ डीबी खाली येतं. सीडीची १६ बिटची डायनॅमिक रेंजच ९६ डीबीच्या आसपास असते, म्हणजे तुझ्या फ्लॅक फाइलींत जेवढं आहे तेवढं सगळं हा वायरीचा तुकडा बाहेर काढतो.

एचडी ५९९ ला पुरेल का? पुरून उरेल. ५० ओहमचे आहेत आणि एक व्होल्टला १०६ डीबी देतात, डोंगल साधारण एक व्होल्ट देतो. १०६ डीबीवर कोणी गाणं ऐकत नाही, ऐकलं तर पुढच्या वर्षी डॅकची गरजच उरणार नाही.

दोन गोष्टी सांभाळ. पीसीला सी पोर्ट नसेल तर ए टू सी अडॅप्टर लागेल, शंभर-दोनशे रुपये. आणि बाजारात दीडशे रुपयांना जे सी टू जॅक मिळतात ते घेऊ नकोस, त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत डॅकच नसतो, फक्त वायरी जोडलेल्या असतात, ठरावीक फोनवरच चालतात आणि पीसीला लावले तर ढिम्म. आमच्या इथे तपकीर गल्लीत अशांची पोतीच्या पोती आहेत. आणि अ‍ॅपलचाही नकली मिळतो, म्हणून खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊन.

ध्वनिवेडा

अ‍ॅपलचा डोंगल आणि हायफाय 😂 ४८ किलोहर्ट्झला अडकलेला डोंगल सांगताय, लोक १९२ किलोहर्ट्झ आणि डीएसडी (हाय-रेझ फाइलींचा एक प्रकार) ऐकतात. मी ऐकलाय तो डोंगल, साउंडस्टेज (कोण कुठे बसून वाजवतंय तो भास) पार सपाट. चिप क्वालिटी, पॉवर सप्लाय याला काही अर्थ आहे की नाही?

कोडवाली

अर्थ आहे, पण तू म्हणतोस तेवढा नाही.

चिपच्या चवीचं म्हणशील तर ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या चिपा मिळेनाशा झाल्या. मग डॅक बनवणाऱ्यांनी सरळ दुसऱ्या चिपा बसवून तेच डबे विकले. फिओचा के५ प्रो घे उदाहरणाला, आधी त्यात एकेएमची ४४९३ होती, मग ईएसएसची ९०३८ आली. डबा तोच, नाव तेच, नुसतं मागे ईएसएस जोडलं. आता वॉर्म आणि तिखट एवढं उघड ऐकू येत असतं तर एकाच डब्याच्या दोन आवृत्त्या डोळे मिटून ओळखता यायला हव्यात ना. चिपच्या पुढे जे सर्किट असतं, आउटपुटचा ऑपअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप), पॉवरचं फिल्टरिंग, बोर्डाचा लेआउट, त्याने जास्त फरक पडतो, आणि तेही नीट केलेलं असलं की सगळे एकसारखेच वाजतात.

१९२ चं म्हणशील तर माणसाचा कान २० किलोहर्ट्झला संपतो, चाळिशीनंतर त्याच्याही बराच आधी, आणि ४४.१ चं सॅम्पलिंग २२ पर्यंतचं सगळं धरतं. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये टेस्ट छापली होती, हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं) रेकॉर्डिंग तसंच्या तसं एकदा आणि मध्ये सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून एकदा, ऐकणाऱ्यांना ओळखा म्हटलं. ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

आणि साउंडस्टेजचं एक विचारते, दोन्ही डॅकचा आवाज एका लेव्हलला आणला होतास का? तुझ्या डब्यातून दोन व्होल्ट येतात आणि डोंगलमधून एक, म्हणजे ६ डीबीचा फरक. जरा मोठं वाजलं की आपल्याला ते मोकळं, भरदार वाटतं, तुलाच नाही, सगळ्यांनाच. फूबार या प्लेयरमध्ये एबीएक्सचा (कुठलं वाजतंय ते न बघता ओळखायच्या टेस्टचा) कंपोनंट आहे, त्यावर तुझी १९२ ची एखादी फाइल ४८ ला उतरवून दोन्ही लावून बघ एकदा. चेष्टा नाही करत, खरंच बघ.

ध्वनिवेडा

आकडे ऐकत बसा तुम्ही, मी गाणं ऐकतो.

पेठेतला_पक्या

आणि इथे तर यूट्यूब चालू आहे, त्याचा ऑडिओ आधीच दाबून पिळून आलेला असतो. बाबांच्या आवडीत ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं नाट्यसंगीत असेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार, लाखाचा डॅक लावला तरी खरखर तेवढी जास्त स्पष्ट.

मृण्मयी_नाशिक

बापरे, एवढी उत्तरं! ओहमकाका, सगळं केलं, बाबा टॉर्च धरून उभे होते.

हेडफोन पुढेच लावत होते. मागे लावल्यावर किर्र किर्र खूप कमी झालं, पण रात्री शांततेत अजून येतं.

अ‍ॅम्पच्या सगळ्या केबली काढल्या तर स्पीकर एकदम चिडीचूप. मग पीसीची लावली, तरी घूं नाही! हलकंसं किर्र होतं बस. मग टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची लावली (टीव्हीचा आवाजही बाबांनी त्याच अ‍ॅम्पवर घेतलाय, हे आधी लिहायचं राहिलं) आणि लगेच घूं सुरू. गंमत म्हणजे पीसीची काढून नुसती सेट-टॉप बॉक्सची ठेवली तरी घूं नाही. दोन्ही लावल्या की येतो. हे काय आहे?

ओहमकाका

वा, वडील-मुलीने मिळून छान काम केलंत. याला ग्राउंड लूप म्हणतात आणि तुमच्याकडे त्याचा अगदी नमुना आहे.

पीसीचा प्लग तीन पिनांचा, म्हणजे कॅबिनेट घराच्या अर्थिंगला जोडलेलं. तिथून ऑडिओ केबलची जाळी (वायरीभोवतीचं ग्राउंडचं आवरण) अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पमधून दुसऱ्या केबलने सेट-टॉप बॉक्सला, आणि तिथून केबलवाल्याच्या जाड काळ्या वायरीची जाळी बाहेर खांबावर, जिथे तिचं स्वतःचं वेगळंच अर्थिंग. तुमच्या घराचं अर्थिंग आणि खांबावरचं अर्थिंग यांत थोडा का होईना व्होल्टेजचा फरक असतोच, मग त्या फरकाने करंट वाहतो तो नेमका तुमच्या ऑडिओच्या जाळीतून, आणि अ‍ॅम्प इमानदारीत तो वाढवून स्पीकरला देतो. एक बाजू काढली की वर्तुळ तुटतं, घूं गेला. तुझा अ‍ॅम्प दोन पिनांचाच असणार, त्या काळचे बहुतेक तसेच, म्हणून एकट्या कुठल्याही केबलीने घूं आला नाही.

आता बघ, इथे तू पीसी आणि अ‍ॅम्पच्या मध्ये यूएसबीचा डॅक घातलास तर काय होईल? यूएसबीच्या वायरीतही ग्राउंड असतंच, वर्तुळ तसंच राहील. दुकानदाराचा चौदा हजारांचा डबा यूएसबीवर चालवला असतास तरी घूं जागच्या जागी.

उपाय: केबलची वायर सेट-टॉप बॉक्सला जिथे लागते तिथे मध्ये कोअ‍ॅक्सचा (म्हणजे त्या काळ्या वायरीचा) ग्राउंड लूप आयसोलेटर लावायचा, छोटा नळकांड्यासारखा असतो. पण हे फक्त केबल असेल तरच. छतावर डिश असेल तर तो लावू नकोस, डिशच्या टोकाला जे एलएनबी असतं त्याला वीज याच वायरीतून वर जाते आणि आयसोलेटर ती अडवतो, टीव्ही बंद पडेल. डिशवाल्यांनी सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्पच्या मधल्या ऑडिओ केबलीवर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावावा, तो पाच-सातशेत मिळतो, एकदम स्वस्तातल्यात बेस थोडा पातळ होतो पण टीव्हीच्या बातम्यांना काय करायचाय बेस.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात समज: कोणीतरी सांगेल की पीसीच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक, घूं जातो. जातो खरा. पण मग पीसीच्या सप्लायमध्ये काही फॉल्ट झाला तर करंट अर्थला न जाता कॅबिनेटला हात लावणाऱ्या माणसातून जाईल. ते करायचं नाही.

कोडवाली

आणखी एक वाट आहे, पीसीच्या मागे ऑप्टिकल आउट आहे का बघ, चौकोनी भोक, आत कधीकधी लाल दिवा दिसतो. ऑप्टिकलमध्ये नुसता प्रकाश जातो, तांब्याची वायर नाही, त्यामुळे ग्राउंड लूपचा प्रश्नच मिटतो आणि पीसीचा कलकलाटही पलीकडे जात नाही. त्याला ऑप्टिकल इनपुटवाला एखादा साधा डॅक लागेल. पण हेडफोनचं काम त्यातून होईलच असं नाही, म्हणून तुझ्या केसमध्ये डोंगल आणि केबलवर आयसोलेटर हेच बरं पडेल असं मला वाटतं.

मृण्मयी_नाशिक

केबलच आहे, डिश नाही 🙂 ऑप्टिकल आउट नाहीये. मग डोंगल घेते. पण अ‍ॅम्पला एक व्होल्ट कमी नाही ना पडणार? ध्वनिवेडा म्हणतायत त्या डब्यातून दोन येतात म्हणे. आणि त्या पाच पिनांच्या सॉकेटला आत्ता जी केबल आहे ती कोपऱ्यावरच्या माणसाने जोडून दिलेली, एका बाजूचा आवाज मधूनमधून जातो.

ओहमकाका

उलट एक व्होल्टच बरा. दोन व्होल्टची पद्धत सीडी प्लेयरपासून रुळली. त्या आधीचे अ‍ॅम्प टेपरेकॉर्डर आणि ट्यूनर डोळ्यासमोर ठेवून केलेले, दीड-दोनशे मिलिव्होल्ट मिळाले की पूर्ण जोरात वाजतात. त्याला दोन व्होल्ट दिलेस तर व्हॉल्यूमचं बटण आठ वाजण्याच्या काट्यापाशीच घर दणाणेल आणि तेवढ्यात कमी-जास्त करायला जागाच नाही. शिवाय जुन्या व्हॉल्यूम पॉटची (बटणामागच्या भागाची) अगदी सुरुवातीची जागा नेहमी बेभरवशाची असते, तिथे डावा-उजवा सारखा वाजत नाही, गवई एका बाजूला सरकून बसल्यासारखा वाटतो. बटण मधल्या पट्ट्यात ठेवता आलं की ही भानगड येत नाही. डोंगल लावून विंडोजमध्ये आवाज थोडा खाली आण, साठ-सत्तर टक्के, आणि बाकी अ‍ॅम्पवर. २४ बिटमध्ये तेवढं खाली आणल्याने काही बिघडत नाही.

पाच पिनांचं सॉकेट म्हणजे डिन. पिन २ मधली, ती ग्राउंड. प्लेबॅकसाठी ३ डावी आणि ५ उजवी. १ आणि ४ टेपच्या रेकॉर्डिंगच्या, त्यांना हात नको. आकडे प्लगवर बारीक कोरलेले असतात, भिंग घेऊन बघ, कारण ते १-४-२-५-३ अशा चमत्कारिक क्रमाने आहेत, सरळ मोजत गेलीस तर चुकशील. तयार डिन टू आरसीए केबलही मिळते, फक्त ती प्लेबॅकची आहे ना ते विचारून घे. आणि अ‍ॅम्पवर फोनो किंवा पीयू लिहिलेल्या सॉकेटात चुकूनही लावू नकोस, ते तबकडीच्या पिनेसाठी असतं, त्यात बेस मुद्दाम उचललेला असतो, आवाज घुमेल आणि फाटेल. ऑक्स, टेप किंवा ट्यूनर, यातलं कुठलंही चालेल.

पेठेतला_पक्या

विंडोजमध्ये साउंड सेटिंगला जाऊन डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट सगळ्या बंद कर. त्या व्हर्च्युअल सराउंडने कुमारजी बाथरूममधून गातायत असं वाटतं.

घरात कॅसेटी आहेत का पण? असतील आणि कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील तर डोंगलचं सोड, बेहरिंगरचा यूसीए२२२ बघ, लाल रंगाची काडेपेटी. १६ बिट ४८ च आहे, जुनं डिझाइन, पण त्याला आरसीए इन आणि आउट दोन्ही आहेत, म्हणजे ऐकायला पण आणि कॅसेट डेकवरून आत घ्यायला पण. तुझ्या बजेटात बसेल. फक्त त्याच्या हेडफोन जॅकवर फार भरवसा ठेवू नकोस, लाइन आउट चांगला आहे.

मृण्मयी_नाशिक

कॅसेटी दोन ट्रंका भरून आहेत 😅 पण डेक बंद पडलाय, तो दुरुस्त झाला की बघू. आत्ता डोंगल.

अपडेट: डोंगल, ए टू सी अडॅप्टर, डिनची तयार केबल आणि आयसोलेटर असं सगळं आणलं, तीनच्या आतच झालं, म्हणजे घरात खोटंही बोलावं लागलं नाही. हेडफोनमधलं किर्र पूर्ण गेलं. स्पीकरला घूं नाही, टीव्ही चालू असला तरी. अगदी अ‍ॅम्प पूर्ण मोठा करून कान लावला तर हिस्स येतं पण ते सगळ्या केबली काढल्या तरी तेवढंच आहे, म्हणजे अ‍ॅम्पचंच ना? बाबांचा एकच शेरा, "आता तानपुरा दोन तारांचा नाही, चार तारांचा वाटतोय."

ओहमकाका

हिस्स अ‍ॅम्पचंच, त्याच्या वयाच्या मानाने चालायचं. ऐकायच्या आवाजाला येत नाही ना? मग सोड.

ध्वनिवेडा

अभिनंदन ताई. (एबीएक्स लावून बघितलं मी. त्यावर नंतर वेगळं बोलू.)

कोडवाली

😄 वाट बघतेय.

रत्नाग्री_बॉय

मध्येच घुसतो, माझं मॅकबुक प्रो आहे २०२१ चं १४ इंची, एचडी ६०० घेतोय ३०० ओहमचा, मला पण हा डोंगल लागेल का?

पेठेतला_पक्या

नाही. त्या मॅकबुकचा स्वतःचाच जॅक ३०० ओहमचे हेडफोन ओळखून व्होल्टेज वाढवतो, डोंगलपेक्षा जास्त देतो. सरळ जॅकला लाव, हजार रुपयांचे आंबे घे.

रत्नाग्री_बॉय

आंबे घरचेच आहेत दादा, हेडफोनचे पैसे कमी पडतायत 😂